सोफ्यावरून गुरगुरणारा राजा

समजा, परग्रहावरून एक अभ्यासक पुण्यात उतरला. माणसाचं कुटुंब कसं चालतं हे त्याला बघायचं आहे, आणि बिचारा जाऊन बसला थेट येरवडा तुरुंगाच्या भिंतीवर. १८७१ सालचा हा तुरुंग. आत एकमेकांशी नातं नसलेली माणसं, अंगण एकच, बाहेरची वाट बंद. हा आपल्या वहीत काय लिहील? ‘माणसाच्या घरात जो दांडगा, तोच कारभारी.’ हसू येतं ना? पण कुत्र्यांबद्दल कित्येक दशकं आपण असलीच एक वही प्रमाण मानत आलो!

ती वही बाझेलची. स्वित्झर्लंडमधल्या या शहराच्या प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि १९४७ साली त्यावर निबंध लिहिला. त्यांना दिसली ती पहिल्या क्रमांकासाठीची झटापट. १९७० साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मीच यांनी ‘द वुल्फ’ या पुस्तकात ती कल्पना घेतली आणि ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा दांडगा राजा, घराघरांत पोचला. कुत्रा लांडग्याच्या वंशातला, म्हणजे तोही आपल्या गादीवर टपलेला असणार! मग करा त्याला उताणा, धरा मानगूट, दाखवा मालक कोण ते.

आता खरी गंमत. १९८६ पासून हेच डेव्हिड मीच उन्हाळ्यामागून उन्हाळे कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समियर बेटावर, मोकळ्या लांडग्यांजवळ राहिले. तिथे राजा कुठाय? गादीसाठी मारामारी कुठाय? होते फक्त आई, बाप आणि त्यांची पोरं. ‘अल्फा’ म्हणजे चक्क बाबा! १९९९ साली डेव्हिड मीच यांनी तसं जाहीर लिहिलं. मग स्वतःचंच खपाऊ पुस्तक छापणं थांबवा, म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले. थांबायला २०२२ उजाडलं. स्वतःच्या पुस्तकाविरुद्ध इतकी चिकाटी दाखवणारा लेखक माझ्या तरी माहितीत दुसरा नाही.

आणि लांडगे काही कॅनडातच नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर ते आजही आहेत, आणि गावकुत्र्यांशी त्यांचा संकर होतो हे २०२३ साली जनुकांच्या अभ्यासातून सिद्धही झालं. नातं अजून इतकं जवळचं आहे!

‘ते सगळं खरं हो, पण आमचा टायगर सोफ्यावरून माझ्यावर गुरगुरतो, त्याचं काय?’

टायगरच्या बाजूने बघा. सोफा मऊ आहे. कुणाचा तरी हात त्याला धरून खाली ओढतोय. तो गुरगुरला, हात मागे गेला. झालं! ‘गुरगुर केली की हात जातो’, एवढंच गणित त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. सिंहासन वगैरे आपल्या डोक्यात. मग दामटवून बघायचं का? २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्रेमालकांना हेच विचारलं. मारणं किंवा लाथ घालणं यावर ४३ टक्के कुत्री उलट आक्रमक झाली होती. जबरदस्तीने उताणं पाडल्यावर ३१ टक्के. शिवाय गुरगुरणं म्हणजे चावण्याआधीची सूचना. ती मार देऊन बंद केलीत, तर पुढच्या वेळी सूचना न देताच दात लागतील.

मग पुढारी ठरतो तरी कसा? रोमजवळच्या मोकाट कुत्र्यांच्या मागे फिरून इटालियन संशोधकांनी नोंदी केल्या. टोळी निघाली की पुढे कोण असतं? २०१० साली छापून आलेलं उत्तर मला फार आवडतं: बाकीची कुत्री ज्याला शेपूट हलवत, अंग चोरत, लाडाने भेटायला येतात, तो. भांडणात कोण कुणाला नमतं, यावरून पुढारी इतका नीट ओळखता येत नव्हता.

तुमच्या घरात तर पुढारीपण आयतंच तुमच्याकडे आहे. भाकरीचा डबा, दाराची कडी, फिरायचा पट्टा, सगळं तुमच्याच हातात. दार उघडण्याआधी ‘सिट’ म्हणा (मराठी घरातही कुत्र्याशी इंग्रजीच का बोलतात, देव जाणे!), तो बसला की त्याच क्षणी दार उघडा. पाच सेकंद उशीर झाला, तर बक्षीस बसण्याचं की उठून नाचण्याचं, हे त्याला कळायचं कसं? सोफ्यावरून ओढू नका. खाली बिस्किट दाखवून बोलवा, उतरला की द्या. तोंडात चप्पल असेल तर हिसकू नका, बदल्यात त्याहून बरं काही द्या. आणि शांत कुत्रा एकाएकी गुरगुरायला लागला, तर आधी पशुवैद्य गाठा. कान किंवा सांधा दुखत असू शकतो.

एवढं सगळं जमलं, तरी आजी उरतेच. सगळ्यांनी ठरवलेलं असतं की ताटातलं द्यायचं नाही, आणि आजी आठवड्यातून एकदा गुपचूप चपातीचा तुकडा टाकते. तुम्हाला वाटेल, एकदाच तर! पण मेंदूचा हिशेब उलटा आहे. रोज मिळणारा तुकडा बंद झाला, तर कुत्रा लवकर नाद सोडतो. कधी मिळतो, कधी नाही, अशा तुकड्यासाठी मात्र तो महिनोन् महिने ताटाशी ठाण मांडून बसेल. तेव्हा शिकवणीला बसवायचं असेल, तर आधी आजीला बसवा.