माझदा : हिरोशिमाचा मोटार-कारखाना आणि त्याचे फिरते इंजिन

जपानच्या मोटार-उद्योगाचा इतिहास सामान्यतः टोयोटा, निसान आणि होंडा या तीन कंपन्यांच्या आधारे सांगितला जातो, आणि उत्पादनाच्या आकड्यांकडे पाहता ते योग्यही आहे. परंतु यंत्ररचनेचा एखादा प्रश्न कंपनीने किती काळ आणि किती किंमत मोजून धरून ठेवावा हे समजून घ्यायचे असेल, तर हिरोशिमाच्या माझदाकडेच वळावे लागते. जगातील बहुतेक सर्व उत्पादकांनी हाताळून सोडून दिलेले एक इंजिन या तुलनेने लहान कंपनीने साठ वर्षे जोपासले, त्यापायी ती एकदा बुडण्याच्या बेतात आली, आणि तरीही तिची ओळख आजवर त्या इंजिनाशीच जोडलेली राहिली. तिच्या गाड्यांचे मालक ज्या गुणांसाठी त्या जपतात आणि ज्या दोषांनी हैराण होतात, त्या दोहोंचे मूळ बहुतेक वेळा एकाच निर्णयात सापडते.

कंपनीचा आरंभ मोटारीशी संबंधित नव्हता. ३० जानेवारी १९२० रोजी ‘तोयो कॉर्क कोग्यो’ या नावाने ती स्थापन झाली तेव्हा तिचा धंदा बुचाच्या सालीपासून वस्तू बनवण्याचा होता, आणि पुढच्याच वर्षी तिची सूत्रे जुजिरो मात्सुदा यांच्याकडे आली. मच्छीमाराच्या घरात जन्मलेले मात्सुदा लहानपणीच लोहारकामात शिरले होते. बुचाचा धंदा मंदावल्यावर त्यांनी कारखान्याला यंत्रांच्या दिशेने वळवले, १९२७ मध्ये नावातील ‘कॉर्क’ वगळले, आणि १९३१ मध्ये ‘माझदा-गो’ ही तीनचाकी मालगाडी बाजारात आणली, जिच्यात चालक मोटारसायकलप्रमाणे बैठकीवर बसून दांडा धरत असे आणि मागच्या हौद्यात माल भरला जाई. ‘माझदा’ हे नाव मात्सुदा या आडनावाशी जुळते, आणि मुंबईचे पारशी ज्याची उपासना करतात त्या अहुर मझ्द या प्राचीन इराणी ज्ञानदेवतेवरूनही ते घेतले असल्याचे कंपनी सांगते. कंपनीचे अधिकृत नाव मात्र १९८४ पर्यंत ‘तोयो कोग्यो’ हेच होते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तो दिवस जुजिरो मात्सुदांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा होता. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटर पूर्वेला होता आणि मध्ये हिजियामा ही टेकडी आडवी येत असल्यामुळे इमारती बऱ्याच अंशी वाचल्या. शहर मात्र जळून गेले होते, आणि कंपनीचे अनेक कामगार व मात्सुदांचा एक मुलगा त्यात मृत्युमुखी पडले. उभ्या राहिलेल्या त्या इमारतींमध्ये नंतर हिरोशिमा प्रांताची सरकारी कचेरी कित्येक महिने चालली आणि इतर सार्वजनिक संस्थांनाही तेथे आसरा मिळाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. उद्ध्वस्त शहराच्या पुनर्बांधणीत मालवाहतुकीचा मोठा भार या गाड्यांनी उचलला, आणि हिरोशिमाच्या लोकांना ही कंपनी आपली वाटते त्यामागे हा काळ आहे. शहराच्या बेसबॉल संघाच्या नावात, ‘हिरोशिमा तोयो कार्प’मध्ये, कंपनीचे जुने नाव आजही टिकून आहे.

१९६० मध्ये ‘आर३६०’ या अवघ्या ३८० किलो वजनाच्या छोट्या गाडीने कंपनी प्रवासी मोटारींच्या बाजारात उतरली. त्याच सुमारास आयातीवरचे निर्बंध उठण्यापूर्वी देशातील मोटार कंपन्यांची संख्या कमी करून त्यांचे मोजके मोठे गट करावेत, असा विचार जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयात चालू होता, आणि हिरोशिमाच्या या उत्पादकाला कोणाच्या तरी पोटात जाण्याची भीती होती. जुजिरोंचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा तेव्हा अध्यक्ष होते. इतरांकडे नाही असे तंत्र आपल्या हाती असल्याशिवाय कंपनी स्वतंत्र राहणार नाही, हे ओळखून त्यांनी पश्चिम जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार केला आणि फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोटरी इंजिनाचे हक्क मिळवले.

हे इंजिन नेहमीच्या इंजिनापेक्षा मुळातच निराळे आहे. सामान्य इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, नळकांड्यात वरखाली होतो आणि त्याच्या सरळ हालचालीचे रूपांतर धुऱ्याच्या फिरण्यात करावे लागते. रोटरीमध्ये दट्ट्याच नाही. कमरेशी किंचित दबलेल्या लंबगोल आकाराच्या कोठीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी घूर्णक फिरतो, त्याची तिन्ही टोके कोठीच्या भिंतीला सतत चिकटून राहतात, आणि त्याच्या तीन बाजू व भिंत यांच्यामध्ये तयार होणारे तीन कप्पे फिरता फिरता लहानमोठे होतात. त्यातच इंधन-हवेचे मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे या चारही क्रिया पार पडतात. घूर्णकाच्या एका फेरीत मुख्य धुरा तीन वेळा फिरतो. झडपा लागत नाहीत, हलणारे भाग थोडे असतात, आणि वरखाली हिसके देणारे वजन नसल्यामुळे वेग वाढत जाताना इंजिन थरथरत नाही, तर अधिकच सुरळीत वाटते. आकार लहान, वजन कमी आणि त्या मानाने शक्ती भरपूर, हे त्याचे आकर्षण होते.

अडचण टोकांपाशी होती. घूर्णकाच्या प्रत्येक टोकावर बसवलेली पातळ पट्टी, जिला अॅपेक्स सील म्हणतात, एका कप्प्यातला वायू दुसऱ्यात जाऊ देत नाही, आणि संपूर्ण इंजिन या पट्टीवर अवलंबून असते. जर्मनीतून आलेल्या नमुन्यात ती विशिष्ट वेगाला थरथरून भिंतीवर आडवे ओरखडे पाडत असे आणि थोड्याच तासांत इंजिन निकामी होई; हिरोशिमाच्या अभियंत्यांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हटले. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली या एका प्रश्नासाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला, ज्यातील ४७ अभियंत्यांना कंपनीत जपानच्या प्रसिद्ध कथेतील ४७ स्वामिनिष्ठ सामुराईंच्या नावाने ओळखले जाऊ लागले. अनेक पदार्थ तपासून झाल्यावर कार्बन आणि अॅल्युमिनियम एकत्र करून बनवलेली पट्टी टिकली, आणि ३० मे १९६७ रोजी दोन घूर्णकांचे इंजिन असलेली ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीला आली. अशा गाड्या हजार-बाराशेच बनल्या, परंतु १९६८ मध्ये जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत त्यांपैकी एक चौथी आली आणि इंजिन टिकाऊ असल्याचा पुरावा मिळाला. मूळ हक्कदार एनएसयूची ‘आरओ८०’ मात्र सीलच्या दोषांमुळे बदनाम झाली आणि ती कंपनी १९६९ मध्ये आउडीत विलीन झाली. ज्याने शोध लावला त्याच्यापेक्षा ज्याने त्याचा दोष दूर केला त्याच्या हाती तो राहिला, आणि यामामोतोंच्या विभागाचे काम या दृष्टीने मूळ शोधाइतकेच मोठे मानले पाहिजे.

एक दोष मात्र आकारातच होता. कप्पा लांबट आणि पसरट असल्यामुळे ज्वाला त्याच्या कोपऱ्यांपर्यंत नीट पोहोचत नाही, काही इंधन अर्धवट जळते, आणि गाडीचे अॅव्हरेज, म्हणजे लिटरमागे कापलेले अंतर, घटते. १९७३ च्या तेलसंकटात हाच दोष कंपनीच्या मुळावर आला. बहुतेक गाड्यांत रोटरी बसवण्याचे धोरण स्वीकारलेल्या कंपनीच्या गाड्या अमेरिकेत विकल्या जाईनात, सुमितोमो बँकेने कारभारात लक्ष घातले, कारखान्यातील कामगारांना गाड्या विकण्यासाठी विक्रेत्यांकडे पाठवले गेले, आणि मात्सुदा घराण्याकडून अध्यक्षपद गेले. १९७९ मध्ये फोर्डने सुमारे २५ टक्के हिस्सा घेतला आणि १९९६ मध्ये तो ३३.४ टक्के करून हेन्री वॉलेस यांना अध्यक्षपदी बसवले. जपानी मोटार कंपनीचे ते पहिले परदेशी प्रमुख होते. २००८ च्या मंदीपासून फोर्डने हा हिस्सा टप्प्याटप्प्याने विकून टाकला.

संकटानंतर कंपनीने रोटरी सोडली नाही, तिला योग्य जागी नेले. रोजच्या कुटुंबाच्या गाडीत जे इंजिन परवडत नव्हते ते १९७८ च्या ‘आरएक्स-७’ या क्रीडामोटारीत शोभून दिसले, कारण तेथे ग्राहक हलकेपणा आणि वेगासाठीच पैसे मोजत होता. २००२ पर्यंतच्या तीन पिढ्यांत या गाडीची संख्या आठ लाखांवर गेली. फ्रान्समधील ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत १९९१ मध्ये चार घूर्णकांच्या ‘७८७बी’ने विजय मिळवला, आणि ती शर्यत जिंकणारी माझदा पहिली जपानी कंपनी ठरली. दट्ट्या नसलेल्या इंजिनाने ती शर्यत त्यापूर्वी वा त्यानंतर कधीही जिंकलेली नाही.

मालकांचे म्हणणे सर्वांत स्पष्टपणे ऐकू येते ते २००३ मध्ये आलेल्या ‘आरएक्स-८’ बाबत. इंजिन वरच्या वेगापर्यंत विनासायास चढते, चारही चाकांवर वजन नीट वाटले गेल्यामुळे गाडी वळणावर हातात राहते, आणि चार जणांना बसता येते, हे तिचे गुण मालक आवर्जून सांगतात. त्याच दमात ते हेही सांगतात की इंधन भरताना तेलाची पातळी पाहावीच लागते. सीलला वंगण मिळावे म्हणून थोडे तेल मुद्दाम कप्प्यात सोडले जाते आणि ते जळून जाते, त्यामुळे हा बिघाड नसून रचनेचाच भाग आहे, हे नव्या मालकाला ठाऊक नसते. थंड इंजिन सुरू करून गाडी दोन-चार मीटर हलवून लगेच बंद केली तर कप्प्यात इंधन साचून ती पुन्हा सुरू होत नाही. गरम इंजिन सुरू व्हायला वेळ लावू लागले की सील झिजून दाब उतरल्याचे समजावे आणि इंजिनाचे काम निघणार हे गृहीत धरावे. या तक्रारी इतक्या वाढल्या की कंपनीने अमेरिकेत इंजिनाची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. ज्यांनी यंत्राचा स्वभाव समजून घेतला ते समाधानी राहिले, आणि ज्यांनी साधी गाडी समजून ती घेतली ते पस्तावले. गाडी विकताना हा फरक ग्राहकाला समजावून देण्याची जबाबदारी उत्पादकाची होती, आणि ती पुरेशी पार पडली नाही असेच म्हणावे लागते.

याउलट ‘एमएक्स-५’ या १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सादर झालेल्या उघड्या टपाच्या दोन आसनी गाडीत साधे पिस्टन-इंजिन आहे, आणि तिच्यावर मालकांचे प्रेम जवळजवळ एकमुखी आहे. घोडा आणि स्वार एकजीव होणे अशा अर्थाचा ‘जिंबा इत्ताई’ हा शब्दप्रयोग तिच्या रचनाकारांनी सूत्र म्हणून वापरला. गिअरपेटी आणि मागचा डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत शक्ती वाटून देणारा दंतचक्रसंच, यांना जोडणारी अॅल्युमिनियमची कडक चौकट बसवून त्यांनी ते यंत्रात उतरवले, ज्यामुळे पायाखालची हालचाल तत्काळ चाकांपर्यंत पोहोचते. गिअरचा छोटा, ठसठशीत दांडा आणि हलके वजन यांची तारीफ मालक करतात. उणिवा म्हणून ते अपुरी डिकी, उंच माणसाची अडचण आणि जुन्या गाड्यांत दारांखालचा पत्रा गंजणे यांचा उल्लेख करतात. थंड देशांत रस्त्यांवर मीठ टाकले जात असल्याने हा शेवटचा दोष तेथे फार जाचक ठरतो. एप्रिल २०१६ मध्ये या गाडीने दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

फोर्ड दूर झाल्यावर स्वतःच्या बळावर इंजिने बनवणे भाग पडले, तेव्हा कंपनीने पुन्हा जुन्याच वृत्तीने विचार केला. इतर उत्पादक लहान इंजिनाला टर्बो जोडत असताना माझदाने ‘स्कायअॅक्टिव्ह’ या नावाखाली पेट्रोल इंजिनातील दाबाचे गुणोत्तर, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, काही बाजारांत १४:१ पर्यंत वाढवले, आणि डिझेलमध्ये तेच उतरवून १४:१ वर आणले. २०१२ च्या ‘सीएक्स-५’पासून या इंजिनांनी कंपनीला सावरले. त्यांचे मालक अचूक स्टिअरिंग आणि आतली नेटकी सजावट वाखाणतात, आणि मागच्या आसनांवरील अपुरी जागा, रस्त्याचा आत येणारा आवाज व लाल रंगावर सहज उमटणारे खडीचे टवके यांविषयी कुरकुरतात. डिझेल गाडी शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठीच वापरली तर काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा इंधन तेलात मिसळून पातळी वाढते, ही तक्रारही जुनी आहे. विश्वासार्हतेच्या बाबतीत मात्र अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेने २०२० मध्ये माझदाला पहिल्या क्रमांकावर ठेवले होते.

भारतात माझदाच्या मोटारी अधिकृतपणे विकल्या गेल्या नाहीत, परंतु पंजाब ट्रॅक्टर्सबरोबरच्या भागीदारीतून १९८० च्या दशकात निघालेले ‘स्वराज माझदा’ हे छोटे ट्रक आणि बसगाड्या महाराष्ट्रातील शाळांच्या व कंपन्यांच्या वाहतुकीत अनेक वर्षे दिसत राहिल्या, आणि ते नाव येथे तेवढ्यापुरतेच परिचित आहे.

‘आरएक्स-८’चे उत्पादन २०१२ मध्ये थांबले तेव्हा रोटरी संपली असे मानले गेले, परंतु २०२३ मध्ये ‘एमएक्स-३०’ या विजेवर चालणाऱ्या गाडीत ८३० घनसेंटिमीटरचे एकाच घूर्णकाचे इंजिन पुन्हा आले, या वेळी चाके फिरवण्यासाठी नव्हे तर बॅटरी भरण्यासाठी. आटोपशीरपणा आणि सुरळीतपणा हे त्याचे गुण येथे उपयोगी पडतात, आणि इंधनाचा खर्च विजेच्या आधाराने आटोक्यात राहतो. हिरोशिमाला जाणारा मराठी प्रवासी शांतता स्मारक पाहून परततो. त्याने शक्य असल्यास आणखी अर्धा दिवस राखून, आगाऊ नोंदणी करून, रेल्वेने दोन स्थानके पुढे मुकाइनादा येथील कंपनीच्या संग्रहालयातही जावे, जेथे तीनचाकीपासून ल मान्स जिंकणाऱ्या ‘७८७बी’पर्यंतच्या गाड्या आणि त्या सीलवरचे संशोधन मांडून ठेवले आहे.