चढाईपटूची किंमत कशी ठरते?

भातकापणी आटोपून कुणगे मोकळे झाले की सिंधुदुर्गात कबड्डीचे सामने सुरू होतात. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, कणकवलीकडच्या वाड्यावाड्यांत मंडळांच्या स्पर्धा रात्रीच्या उजेडात रंगतात, कडेने 'धर रे तेका' असा ओरडा चाललेला असतो आणि शेवटी केव्हातरी उशिरा बक्षिसांची घोषणा होते. विजेत्या संघाला चषक आणि रोख रक्कम. त्याखेरीज तीन वैयक्तिक बक्षिसे ठरलेली: उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड आणि मालिकावीर. टाळ्या सर्वांत जास्त पडतात त्या चढाईच्या बक्षिसाला.

हे बक्षीस घेणाऱ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे दोन प्रकारची माणसे पाहत असतात. गाववाले त्याने आज किती गुण आणले ते पाहतात. मुंबईच्या एखाद्या संघासाठी, महाविद्यालयासाठी किंवा कंपनीसाठी खेळाडू हेरणारा माणूस वेगळाच हिशेब करत असतो: हा मुलगा आणखी तीन वर्षांनी, दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्या सहा जणांसोबत कसा खेळेल? कबड्डीतली अवघड कसोटी हीच आहे, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत कोट्यवधी रुपये खर्चूनही अनेक संघांना ती नीट पार करता आलेली नाही.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये जे स्थान क्वार्टरबॅकचे, तेच आपल्याकडे चढाईपटूचे. चेंडू कोणाकडे जाणार हे क्वार्टरबॅक ठरवतो. संघ जिंकला की फोटो त्याचा, हरला की बोल त्याला. तिथली विद्यापीठे शाळकरी वयातच अशा मुलांवर नजर ठेवतात, क्रमवारी लावणाऱ्या संस्था त्यांना तारे देतात आणि विद्यापीठांचे प्रशिक्षक शिष्यवृत्तीचे प्रस्ताव घेऊन त्यांच्या घरी पोचतात. एवढी यंत्रणा असूनही अंदाज चुकतात. मिशिगन विद्यापीठाकडून खेळलेल्या टॉम ब्रेडीला 2000 साली व्यावसायिक लीगच्या निवडीत 199 वा क्रमांक मिळाला, म्हणजे त्याच्याआधी 198 खेळाडू घेतले गेले. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. जो बरोला ओहायो स्टेटमध्ये जागा मिळेना, म्हणून 2018 मध्ये तो लुइझियाना स्टेटला गेला. 2019 च्या हंगामात त्याने 60 टचडाउन पास टाकले, त्याचा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता ठरला. मुलगा तोच होता, बदलली ती भोवतालची माणसे आणि खेळाची पद्धत.

कबड्डीत ही भोवतालची माणसे फुटबॉलपेक्षाही जास्त महत्त्वाची ठरतात, आणि त्याचे कारण खेळाच्या नियमातच आहे. सात जणांचा संघ, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, एका चढाईला तीस सेकंद. चढाईपटू पकडला गेला की तो बाहेर बसतो आणि त्याचा संघ प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद करीपर्यंत आत येऊ शकत नाही. बोनस गुणाने गडी जिवंत होत नाही. समोरचा गडी बादच करावा लागतो. म्हणजे उत्तम चढाईपटू चाळीस मिनिटांपैकी किती मिनिटे मैदानात असेल, हे बऱ्याच अंशी त्याच्या कोपरारक्षकांनी आणि मध्यरक्षकांनी केलेल्या पकडींवर ठरते. ज्याचा बचाव ढिला, त्याचा चढाईपटू बाकावर बसून सामना पाहतो. चढाईच्या गुणांचा नुसता आकडा पाहणाऱ्याला ही गोष्ट दिसतच नाही.

आकड्यांमध्ये आणखी एक गफलत दडलेली असते. एखादा चढाईपटू सामन्यात बारा गुण आणतो, पण त्यासाठी पंचवीस चढाया करतो. दुसरा आठ गुण आणतो, पण बारा चढायांत. पहिल्याचे नाव वर्तमानपत्रात येते. जाणकार प्रशिक्षक दुसऱ्याची चौकशी करतो. शिवाय गुण केव्हा आले हेही पाहावे लागते. समोर सात गडी असताना बोनस रेषा ओलांडून घेतलेला गुण, आणि समोर तीनच गडी उरले असताना, जिथे अव्वल पकड झाली तर प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळतात, तिथे धीराने खेळून आणलेला गुण, यांत फरक आहे. त्यातही खरी परीक्षा तिसऱ्या चढाईची. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. या चढाईला कोण जातो आणि किती वेळा परततो, एवढी एकच नोंद मिळाली तरी निवड करणाऱ्याचे अर्धे काम होईल.

प्रो कबड्डी लीग 26 जुलै 2014 ला सुरू झाली आणि या सगळ्याला लिलावाचा भाव आला. महाराष्ट्राचे सर्वांत बोलके उदाहरण सिद्धार्थ देसाईचे. तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. हा तालुका म्हणजे सिंधुदुर्गाचा घाटमाथ्यावरचा शेजारी. दोडामार्गहून तिलारी घाट चढला की चंदगड. 2018 च्या लिलावात यू मुम्बाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईत 218 गुण मिळवले. उंचपुरा देह, लांब हात, पकडीतून ओढत मध्यरेषेपर्यंत येण्याची ताकद. मराठी चढाईपटू म्हणजे चपळ पायांचा आणि बोनस चोरणारा, ही समजूत त्याने एका हंगामात मोडीत काढली. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. सिद्धार्थने आपले काम चोख केले, चढाईत 217 गुण. पण टायटन्स बारा संघांत अकराव्या स्थानी राहिले आणि सिद्धार्थशिवाय खेळलेली यू मुम्बा उपान्त्य फेरीत पोचली, कारण तिच्याकडे फझल अत्राचलीच्या नेतृत्वाखालचा भक्कम बचाव होता. चढाईपटूचे गुण जवळपास जसेच्या तसे, आणि दोन संघांची नशिबे मात्र वेगवेगळी. याहून स्वच्छ प्रयोग कोणी ठरवून केला असता तरी साधला नसता.

टायटन्सने हाच धडा पुन्हा, अधिक महागात गिरवला. दहाव्या हंगामासाठी 2023 मध्ये त्यांनी पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लावली. पवन हा देशातला अव्वल चढाईपटू, त्या हंगामातही त्याने दोनशेच्या वर गुण आणले. संघ 22 सामन्यांत दोनच जिंकून तळाला राहिला. त्याच्या आधीच्या वर्षी तमिळ थलैवाजने पवनला 2 कोटी 26 लाखांना घेतले होते. तो पहिल्याच सामन्यात जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. सगळे संपले असे वाटत असताना नरेंदर या नव्या मुलाने 243 गुण मिळवले आणि थलैवाजने पहिल्यांदाच उपान्त्य फेरी गाठली. तो लिलावातून आला नव्हता. संघांना नवोदित तरुणांना थेट करारबद्ध करता येते, त्या वाटेने तो आला होता.

एकटा चढाईपटू सामना फिरवू शकत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. सहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पवननेच 22 गुण आणून बेंगळुरू बुल्सला विजेतेपद मिळवून दिले. प्रदीप नरवालने पाचव्या हंगामात चढाईत 369 गुण मिळवले आणि पाटणा पायरेट्सने सलग तिसऱ्यांदा चषक उचलला. पण याच प्रदीपने सातव्या हंगामात 302 गुण आणले तेव्हा पाटणा आठव्या स्थानी होता. त्यानंतर त्याला सोडून देणारा पाटण्याचा संघ आठव्या हंगामात थेट अंतिम फेरीत गेला आणि अवघ्या एका गुणाने हरला. 2019 च्या अंतिम सामन्यात दिल्लीच्या नवीन कुमारने 18 गुण मिळवले, आणि जिंकला तो बंगालचा संघ, ज्याचा कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे मैदानात उतरलाच नव्हता.

मग चढाईपटू घ्यावा कसा? याचे महाराष्ट्रातले उत्तर पुण्याकडे आहे. पुणेरी पलटणने तयार नावांमागे धावण्याऐवजी युवा संघ उभा केला. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, त्याच्या जोडीचा मोहित गोयत, नाशिक जिल्ह्यातला आकाश शिंदे, मुंबईचा पंकज मोहिते, ही मुले लहान वयात घेतली, एकत्र ठेवली, चुकू दिली. 2022 मध्ये संघ अंतिम फेरीत पोचला, पण अस्लम आणि मोहित दोघेही जखमी. जयपूरने 33-29 असे हरवले. पलटणने मुले बदलली नाहीत. इराणचा मोहम्मदरेझा शादलू हा पकडीतला वाघ मात्र 2 कोटी 35 लाखांना आणला. म्हणजे मोठी रक्कम बचावावर खर्चली आणि चढाई घरच्या मुलांवर सोपवली. 1 मार्च 2024 ला हैदराबादमध्ये हरयाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पलटण विजेती झाली. कर्णधार अस्लमच्या चढाईचे गुण त्या हंगामात दीडशेच्या आतच होते, अव्वल चढाईपटूंच्या निम्म्याच्या आसपास. तरी हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याच्याआधी काही महिने, 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते.

लीगपूर्वीही महाराष्ट्रात खेळाडू हेरण्याची एक वाट होती आणि कोकणातली मुले तिनेच वर गेली. बारावी झाली की परळ-लालबागला काकाच्या किंवा मामाच्या खोलीत मुक्काम, एखाद्या मंडळाच्या संघात प्रवेश, मग व्यावसायिक गटात बँक, रेल्वे, पोलीस किंवा तेल कंपनीची नोकरी. 2018 च्या जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद अकरा वर्षांनी परत आणले, तेव्हाचा कर्णधार रिशांक देवाडिगा भारत पेट्रोलियमचा खेळाडू होता. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण 2005 पासून आहे. मालवण किनाऱ्यावरच्या आईबापांना लिलावातल्या कोटींपेक्षा ही पाच टक्क्यांची गोष्ट जास्त जवळची वाटते, आणि ते योग्यच आहे. लीगमध्ये एका वेळी बाराच संघ असतात. गुडघा निकामी झाला की करार संपतो. नोकरी टिकते.

या मुलांच्या वाटेत अडचणी आहेत त्या मात्र कौशल्याच्या नाहीत. पहिली मैदानाची. गावातले सामने तांबड्या मातीवर, अनवाणी. निवड चाचणी आणि पुढचा सगळा खेळ मॅटवर, बूट घालून. मातीत पाय रोवून घेतलेले वळण मॅटवर वेगळे बसते. घसरण कमी, वेग जास्त, आणि पकडणाऱ्याचाही वेग तितकाच वाढलेला. चार दिवसांच्या शिबिरात ते अंगात मुरत नाही. तालुक्याला एक तरी मॅट वर्षभर अंथरलेली असली, तर घाटावरच्या आणि मुंबईच्या मुलांशी बरोबरीने तुलना होईल. दुसरी अडचण अंतराची. मालवणला रेल्वे नाही. कुडाळ किंवा कणकवलीला येऊन गाडी धरायची, रात्रभर प्रवास करून मुंबईला पोचायचे आणि सकाळी चाचणीला उतरायचे. निवड करणारा जे पाहतो ते या प्रवासानंतरचे पाय.

तिसरी गोष्ट नोंदीची, आणि ती सुधारायला पैसा जवळजवळ लागत नाही. जिल्ह्यातली महाविद्यालये, मालवणचे स. का. पाटील, वेंगुर्ल्याचे खर्डेकर, सावंतवाडीचे पंचम खेमराज, कुडाळचे संत राऊळ महाराज, ही सारी मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि त्यांची मुले विभागीय स्पर्धांत एकमेकांसमोर येतात. त्या सामन्यांत गुणपत्रक भरले जातेच. त्यात प्रत्येक चढाईपटूपुढे आणखी चार रकाने वाढवले, एकूण चढाया, रिकाम्या चढाया, तिसऱ्या चढाया आणि बाकावर गेलेली मिनिटे, तर एका हंगामात प्रत्येक मुलाची खरी कुंडली तयार होईल. मोबाइलवर सामन्याचे चित्रीकरण आता वाडीतली पोरेही करतात. नोंदवहीसोबत तेही जपून ठेवले, तर मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या प्रशिक्षकाला शेकडो किलोमीटर दूर बसून वेंगुर्ल्याच्या मुलाची तिसरी चढाई पाहता येईल. नरेंदरसारखी मुले लिलावाच्या आधीच कोणाच्यातरी नजरेत आली होती. सिंधुदुर्गातल्या मुलाकडे आज दाखवायला असतो तो बहुतेकदा उत्कृष्ट चढाईचा चषक, आणि त्या चषकावर मंडळाचे नाव आणि वर्ष यापलीकडे काही कोरलेले नसते.