चलो वसई, व्हाया खाडी!

ऑफिसातली माझी मैत्रीण गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडला जाऊन आली. आता लंडनचे फोटो दाखवून पिळणार, असं आम्हाला वाटलं होतं. पण तिनं दाखवली एक बोट. जेमतेम सात फूट रुंद, आगगाडीच्या डब्यासारखी लांबलचक, आत किचन, बेड, सगळं. आठवडाभर नवरा-बायको त्या बोटीतच राहिले आणि कालव्यातून चालले, ताशी फार तर साडेसहा किलोमीटरच्या स्पीडनं. बॉस, सकाळची लोकल पकडायला आपण याहून फास्ट पळतो! गाव दिसलं की बोट काठाला बांधायची, उतरून गावात चक्कर मारायची, खायचं-प्यायचं आणि संध्याकाळी परत बोटीवर. ‘गावात परसदारानं शिरल्यासारखं वाटतं गं,’ ती म्हणाली.

आमच्याकडे ना तेवढी रजा, ना तेवढे पैसे. पण परसदार म्हटल्यावर मला एकदम वसईची आत्या आठवली.

आम्ही भाईंदरला राहतो, आत्या वसई गावात. मध्ये फक्त खाडी. माझे बाबा मूळ वसईचेच. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी विरार लोकलनं चर्चगेट केलं. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि लोकल सुटली. जिने, गर्दी, मागून येणारा धक्का... नकोच म्हणाले. गाडी करून जावं, तर घोडबंदर, वर्सोवा पूल, हायवे असा जवळपास 38 किलोमीटरचा वळसा, आणि ट्रॅफिकमध्ये त्यांना मळमळतं. आत्या तर घराबाहेरच पडत नाही. तीन भाऊबिजा फोनवर झाल्या. ‘ओवाळलं बरं का रे इकडून,’ असं ती म्हणायची आणि बाबा ‘हो हो’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचे.

फेब्रुवारी 2024 मध्ये भाईंदर ते वसई किल्ला अशी रो-रो सुरू झाली, तेव्हा ती बातमी मी वाचली आणि विसरले. खाडीतून अंतर उणंपुरं साडेतीन किलोमीटर. सुरुवातीचं तिकीट माणशी 30 रुपये, बाईक आणि चालवणारा मिळून 60. मैत्रिणीचे फोटो पाहिले त्या रात्री बाबांना विचारलं, ‘शनिवारी बोटीनं जाऊ या?’

‘ओहोटीला अडकलो तर?’

म्हणजे यायचं होतं!

डिसेंबरातला शनिवार. भाईंदरच्या जेटीवर बोटीचा रॅम्प खाली आला आणि आधी गाड्या, बाईक, मग माणसं चढली. पायरी एकही नाही. बाबांनी काठी टेकत टेकत रॅम्प पार केला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी एव्हरेस्ट सर केलाय. बसायला जागा होती, पण ते कठडा धरून उभेच राहिले.

बोट निघाली आणि मागे रेल्वेचा पूल दिसायला लागला. नऊ वर्षं मी त्या पुलावरून जातेय. खाडी आली की काय करतो आपण? फोनमधून मान वर काढतो, वास आला तर नाक मुरडतो, कुणीतरी निर्माल्याची पिशवी भिरकावतं. पाण्यातून बघितलं की कळतं, त्या पुलाखाली एक अख्खं जग आहे. भाईंदर आणि नायगावच्या मधोमध पंजू बेट आहे, तिथली माणसं रोज होडीनं ये-जा करतात. सप्टेंबर 2025 मध्ये लोकलमधून फेकलेला नारळ लागून पुलावरून चालणाऱ्या एका माणसाचा जीव गेला. नमस्कार करून फेकलेला नारळ!

पलीकडे उतरलो ते थेट वसईच्या किल्ल्यात. ‘कोल्डप्ले’च्या 2016 मधल्या ‘हिम फॉर द वीकेण्ड’च्या व्हिडिओत दिसतो तोच हा किल्ला. बाबांना कोल्डप्लेशी घेणं-देणं नाही. ते चिमाजी अप्पांवर सुरू झाले. 1534 पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई 1739 मध्ये मराठ्यांनी घेतली आणि इथल्या चर्चची एक घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेली, हे मी लहानपणी पन्नासदा ऐकलंय. पण या वेळी थांबवलं नाही. छप्पर उडालेल्या चर्चच्या भिंतीवर पिंपळ उगवलेत, आतमध्ये एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट चाललेलं. बाबा म्हणाले, ‘आम्ही इथं शाळा बुडवून यायचो.’ ही माहिती मात्र नवीन होती!

रिक्षानं पारनाका पाच-दहा मिनिटांत. बाजारात बाबांनी सुकेळी घेतली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या सोपटात बांधतात. रंग मधासारखा आणि चव... चॉकलेट विसराल. आत्याला दात नाहीत म्हटल्यावर म्हणाले, ‘चोखेल.’

आत्यानं दार उघडलं. एवढ्या दिवसांनी भाऊ दिसला तर काय म्हणावं माणसानं? ‘किती वाळलायस रे! चप्पल आत काढ, कुत्रं पळवतं.’ बस्स. मग दोघं ओटीवर बसली आणि वाडीतल्या विहिरीवरून भांडली. विहीर कोणाच्या वाटणीत होती, हा वाद माझ्या जन्माआधीचा आहे. मी आत भात लावत होते आणि कधी नव्हे ते मला ते भांडण ऐकायला चक्क छान वाटत होतं.

जेवणानंतर बाबांचा तिथंच डोळा लागला. मी सारखी घड्याळ बघत होते. ठरवलेली बोट चुकणार हे दिसत होतं.

‘उठवू का?’

‘नको गं,’ आत्या म्हणाली, ‘झोपू दे. पुढची असेल की.’ आणि ती त्यांच्या पायाशी पंख्याचा वारा येतोय का, ते बघत बसली.

निघताना तिनं निरांजन लावलं. भाऊबीज होऊन महिना उलटला होता, पण तिला ते सांगणार कोण?

पुढची बोट मिळाली, नशीब! अंधार पडत होता. समोर पुलावरून उजेडाची एक पट्टी सरकत गेली. बाबांनी एक नजर टाकून सांगितलं, ‘फास्ट.’ भाईंदरला उतरल्यावर मी रिक्षा शोधायला पळाले. वळून बघते तर बाबा बरोबर नाहीत. ते तिकीट खिडकीशी उभे होते, चष्मा कपाळावर सरकवून, खिशातल्या डायरीत बोटीच्या वेळा उतरवून घेत.