होशंगाबाद विज्ञान : सूत्रे अनेकांच्या हाती

शाळेत विज्ञान शिकवण्याच्या या कार्यक्रमाची सुरुवात : १९७२, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्हा, १६ सरकारी शाळा, सहावी ते आठवीचे वर्ग.

पुढाकार : ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांचा, परवानगी राज्य सरकारची.

साथ : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ, दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक.

सूत्र : आधी प्रयोग, मग निष्कर्ष. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात तयार उत्तरे नव्हती. लेखी परीक्षेत पुस्तक उघडायला मुभा, शिवाय प्रात्यक्षिक.

शिक्षकांचा वाटा : मासिक बैठकांत वर्गातल्या अडचणींवर चर्चा; त्या अनुभवावरून पुस्तकात सुधारणा.

विस्तार : १९७८ मध्ये संपूर्ण जिल्हा, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने पुढची धुरा वाहिली.

अखेर : २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला.