छत्र आणि विमापत्र

तंजावूरला गेलेल्या मराठी माणसाचे पाय बृहदीश्वराच्या प्राकारात थबकतात, कारण तेथील भिंतीवर त्याला आपली भाषा भेटते. भोसले वंशाची हकीकत सांगणारा तो प्रदीर्घ शिलालेख दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविला. पण आज मला बोलावयाचे आहे ते त्याच राजांच्या एका पत्राविषयी, आणि तेही अगदी व्यावहारिक निमित्ताने. सुटीत प्रवासाला निघताना विमा घ्यावयाचा तर तो कोणता?

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे तरी आपल्याकडे राहावीत, अशी विनंती राजांनी १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना केली. छत्र म्हणजे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. तेथे काय चालते, हे राजांनी पत्रात तपशिलाने सांगितले. जातपात न पाहता प्रत्येक वाटसरूस अन्न मिळे. शिजविलेले न चालणाऱ्यास कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून, जेवावयाचे कोणी राहिले असल्यास यावे, असा पुकारा होई. वाटेत आजारी पडलेल्याला औषध व पथ्याचे अन्न मिळे, आणि तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होई. विषारी दंशावर इलाज जाणणारे वैद्य नेमलेले असत. परक्या मुलखातील मूल पोरके झाले तर ते पंतोजींच्या स्वाधीन होई. या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते.

श्रोतेहो, घर सोडलेल्या माणसावर काय काय ओढवू शकते याची इतकी पुरी यादी आजच्या विमापत्रकांतही क्वचितच आढळते. फरक एवढाच, की छत्र वाटसरूला काही विचारीत नसे. विमा कंपनी सारे आधीच विचारते, आणि लिहून दिले असेल तेवढेच देते. म्हणून ते लिहिलेले वाचले पाहिजे.

रेल्वेचेच पाहा. ऑनलाइन तिकीट काढताना एका रुपयाहूनही कमी रकमेत मिळणारा ऐच्छिक विमा २०१६ साली सुरू झाला. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाखांपर्यंत, रुग्णालयाच्या खर्चापोटी २ लाखांपर्यंत आणि पार्थिव नेण्यासाठी १० हजार, असे त्याचे स्वरूप आहे. इतक्या अल्प मोलात तो न घेणे हा वेडेपणा होय. पण तो रेल्वेच्या अपघाताचा विमा आहे. गाडीतून सुखरूप उतरून दुपारच्या तापलेल्या फरशीवर आजोबांना भोवळ आली, तर त्याचा उपयोग नाही. माझे एक स्नेही दोन वर्षे त्याच्याच भरवशावर वृद्ध मातोश्रींना घेऊन दक्षिणेत हिंडले. काही घडले नाही, हे त्यांचे दैव!

मग आजारपणाचे काय? आपल्याकडे आरोग्यविमा असेल तर तो सामान्यतः देशभर चालतो. देशातल्या प्रवासासाठी पुन्हा तेच विकत घेण्याची गरज नसते. मात्र तंजावूर किंवा तिरुचिरापल्ली येथील कोणत्या रुग्णालयांत पैसे न भरता उपचार मिळतील, ती यादी निघण्यापूर्वी पाहून ठेवावी. परदेशी जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि अमेरिकेतील उपचारांच्या खर्चापुढे तर तेवढी रक्कमही तोकडी पडू शकते.

खरी मेख जुन्या दुखण्यांत असते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना पुष्कळ प्रवासविमे वगळतात, किंवा जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरतीच मदत देतात. हप्ता वाढेल म्हणून वडिलांचा मधुमेह दडविणारा मुलगा थोडे पैसे वाचवितो आणि ऐन वेळी दावा गमावून बसतो. दोन विम्यांपैकी एकात सामान हरविण्याची भरपाई मोठी आणि दुसऱ्यात जुन्या आजाराची सोय असेल, तर वृद्धांसाठी मी बिनदिक्कत दुसरा निवडीन. पेटी पुन्हा घेता येते.

सहल रद्द होण्याच्या विम्याविषयी दोन शब्द. आपली दिवाळीची सुटी आणि त्या भागातील ईशान्य मोसमी पाऊस एकाच सुमारास येतात. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गाजा चक्रीवादळाने तंजावूर जिल्ह्यात नारळीच्या बागा आडव्या केल्या. वादळाची वर्दी आल्यावर घेतलेला विमा त्या वादळाचे नुकसान सहसा भरून देत नाही. आरक्षण करतानाच तो घ्यावा लागतो. शिवाय रद्द होण्याची कारणे त्यात नमूद असतात, आणि बेत बदलला हे कारण त्यांत बहुधा नसते.

दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिने दाद दिली नाही, तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते. रेल्वेच्या विम्यात वारसाचे नाव तिकीट काढल्यानंतर स्वतंत्रपणे भरावे लागते, आणि तेच बहुतेकांच्या हातून राहते. विमापत्राचा क्रमांक व कंपनीचा दूरध्वनी एका कागदावर लिहून तो आपल्या खिशात नव्हे, तर बरोबरच्या माणसाकडे द्यावा. आपल्याला भोवळ आली, तर शोधाशोध त्यालाच करावयाची आहे.