टाकीत लिटर, हवेत मिनिटं

छोटं विमान कोसळलं की पहिला संशय इंजिनावर जातो. पण काही अपघातांत इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत असतं. संपलेलं असतं ते पेट्रोल. असा अपघात टाळायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. उड्डाणाआधी मांडलेला आणि हवेत पुन्हा पुन्हा तपासलेला हिशेब पुरतो.

समजा, चार आसनी सेसना 172 परुळे-चिपीच्या सड्यावरून मुंबईला निघालं. हवाई अंतर सुमारे 350 किलोमीटर. ताशी 200 किलोमीटर वेग आणि तासाला 30 लिटर खप धरला, तर पावणेदोन तास आणि जवळपास 53 लिटर लागतील. पण कोकण किनाऱ्यावर उघडिपीच्या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो. तो ताशी 40 किलोमीटरने थेट समोरून आला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो 160. मग लागतात दोन तास अकरा मिनिटं आणि 66 लिटर. परतताना हाच वारा पाठीशी असला तरी तोटा भरून निघत नाही, कारण विमानाचा जास्त वेळ समोरच्या वाऱ्यात गेलेला असतो. जाऊन-येऊन जवळजवळ नऊ मिनिटं जास्त लागतात.

म्हणूनच वैमानिक इंधन मिनिटांत मोजतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुक्कामाला पोचल्यावरही दिवसा 30 आणि रात्री 45 मिनिटांचं इंधन शिल्लक राहील, असा बेत करावा लागतो. नुसत्या काट्यावर भिस्त ठेवता येत नाही. पंखांतल्या टाक्यांत पेट्रोल हिंदकळतं आणि तळाचं थोडं इंजिनापर्यंत पोचतच नाही. टाकीचं झाकण नीट बसलं नसेल, तर पंखावरचा हवेचा कमी दाब पेट्रोल बाहेर ओढून घेतो. त्यामुळे निघण्यापूर्वी टाकीत पट्टी बुडवून पातळी पाहायची आणि झाकण स्वतःच्या हाताने तपासायचं. शिवाय या विमानांना लागणारं खास पेट्रोल, म्हणजे अ‍ॅव्हगॅस, प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. परतीचा हिशेबही निघतानाच करावा लागतो.

पेट्रोल संपलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. सेसना 172 शांत हवेत एक मीटर उंची गमावताना साधारण नऊ मीटर पुढे सरकतं. 3000 फुटांवरून हाती उरतात जेमतेम आठ किलोमीटर. मालवणच्या आसपास तेवढ्यात मोकळा सडा किंवा तारकर्लीची पुळण गाठता आली तर ठीक. नाहीतर खाली माडांच्या बागा, कर्लीची खाडी आणि समुद्र. पाण्यात उतरताना या विमानाची न मिटणारी चाकं आधी अडकतात आणि ते नाकावर उलटू शकतं.

हे संकट मोठ्या विमानांनाही चुकलेलं नाही. 15 नोव्हेंबर 1993 रोजी चेन्नईहून हैदराबादला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-300 कमी दृश्यमानतेमुळे उतरू शकलं नाही. पुन्हा वर चढताना पंखांचे फ्लॅप आत जाईनात. तसंच ते चेन्नईकडे वळलं. उघड्या फ्लॅपमुळे हवेचा अवरोध वाढला, खप वाढला आणि तिरुपतीजवळ भातशेतात उतरावं लागलं. सर्व 262 जण वाचले.

फ्लॅप अडकले त्या क्षणी आधीचा हिशेब रद्द झाला होता. वारा फिरला, मार्ग बदलला, ढग टाळावे लागले, तरी तेच होतं. अशा वेळी मिनिटं नव्याने मोजायची आणि पुरेशी नसतील, तर इंजिन चालू असतानाच जवळची धावपट्टी गाठायची. वैमानिक होऊ पाहणाऱ्या कोकणातल्या मुलामुलींनी हा निर्णय कमीपणाचा मानू नये. उड्डाणाचं कौशल्य त्यातच दिसतं.