कोंबडीच्या रंगावर भाव करण्यापूर्वी

कापडाच्या धंद्यात पोराला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की थान हातात आले की आधी उलटी बाजू पाहावी. वरून छापलेला रंग वेगळा आणि सुतातच रंगवलेला वेगळा, आणि दोघांच्या भावात फरक असतो. तीस वर्षे ही शिकवण पाळणारा मी कोंबडीच्या सौद्यात मात्र चुकलो. काही वर्षांपूर्वी आठवडे बाजारात एका फिरत्या विक्रेत्याकडून कडकनाथ म्हणून ४० काळी पिल्ले घेतली. भाव अर्थातच कडकनाथचा दिला. पिल्ले वाढली, पिसे काळीभोर, पायही काळे. पहिला पक्षी कापला तेव्हा कातडी पांढरी, मांस नेहमीचे, हाड पांढरे. ती निघाली ऑस्ट्रॅलॉर्पच्या वळणाची संकरित कोंबडी. चांगली अंडी देणारी जात आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. तक्रार मी दिलेल्या भावाबद्दल आहे.

आपल्या अनेक बांधवांच्या घरी अंगणात दहा-वीस कोंबड्या असतात. काही जण जोडधंदा म्हणून पिल्ले विकतात, तर काहींचे चिकनचे दुकान आहे. बाजारात रंगीत कोंबडी म्हणजे गावरान आणि पांढरी म्हणजे ब्रॉयलर, असा सरळ हिशेब चालतो. रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजले तर पुष्कळ नुकसान टळेल.

मुळात कोंबडीच्या पिसात रंगद्रव्ये दोनच. एक काळे, दुसरे तांबूस-पिवळे. बाकी सगळा खेळ या दोहोंच्या कमी-जास्त वाटणीचा. असील बाळगणाऱ्या शौकिनांनी रंगांवरून सुंदर नावे ठेवली आहेत. सोनेरी-लाल तो पीला, पांढरा तो नूरी, काळा तो कागर, तपकिरी तो टीकर. नावे वेगळी असली तरी हंडीत रंग ते दोनच.

पांढरा हा रंग नव्हे, रंगावर घातलेला पडदा आहे. त्यातही दोन प्रकार आहेत आणि व्यापाऱ्याला ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. व्हाइट लेगहॉर्नचा पांढरेपणा जोरदार असतो, एका बाजूने आला तरी काळ्यावर मात करतो. लेगहॉर्न कोंबडा आणि काळी देशी कोंबडी यांची पिल्ले बहुतेक पांढरीच होतात, एखाद-दुसरा काळा ठिपका राहतो. पण पडद्याखाली रंग शाबूत असतो. हीच पांढरी पिल्ले मोठी होऊन आपसात मिसळली, की पुढच्या पिढीत काळी आणि पट्टेरी पिल्ले अचानक निघतात. घरच्या बायका म्हणतात, शेजारचा कोंबडा आला असेल. शेजाऱ्याचा काही दोष नसतो, पट्टे खुद्द पांढऱ्या लेगहॉर्नमध्येच दडलेले असतात. दुसरा पांढरेपणा दबून राहणारा. तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. म्हणून दोन रंगीत कोंबड्यांच्या पोटीही चारात एक या प्रमाणात पांढरे पिल्लू निघू शकते. चारात एक हा मोठ्या संख्येचा हिशेब आहे, दहा पिल्लांत तो जुळेलच असे नाही.

आता खऱ्या कमाईची गोष्ट. एक दिवसाच्या पिल्लात नर कोण आणि मादी कोण हे ओळखता आले, तर अंड्यासाठी पाळणाऱ्याचे निम्मे खाद्य वाचते. कोंबड्यांत मेंडेलचे नियम लागू होतात हे केंब्रिजच्या बेटसनने १९०२ मध्ये दाखवले. त्याचाच सहकारी पनेट याने पहिल्या महायुद्धाच्या काळात, इंग्लंडात धान्याची टंचाई असताना, पिसांच्या रंगावरून नर पिल्ले आधीच वेगळी काढण्याची युक्ती पुढे आणली. ती आजही तशीच चालते.

युक्ती अशी. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरते, कोंबडीत ते आईकडून ठरते. काही रंगांची जनुके लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच बसलेली असतात. कोंबड्याकडे असे गुणसूत्र दोन, कोंबडीकडे एकच. आई आपले ते एकुलते गुणसूत्र फक्त मुलाला देते. मुलीला ते केवळ बापाकडून मिळते. आडवे पांढरे पट्टे पाडणारे जनुक याच गुणसूत्रावर आहे. म्हणून ऱ्होड आयलंड रेडचा लाल कोंबडा घ्यावा आणि त्याला प्लायमाउथ रॉकसारखी काळी-पांढरी पट्टेरी कोंबडी द्यावी. पिल्ले अंड्यातून बाहेर येताच ज्याच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका तो नर, ज्याचे डोके सपशेल काळे ती मादी. मोठेपणी नर पट्टेरी होतात, तलंगा काळ्या राहतात आणि मानेवर सोनेरी-तांबूस झाक येते.

पण जोडी उलटी लावू नका. पट्टेरी कोंबडा आणि लाल कोंबडी असेल तर मुलगे-मुली सगळेच पट्टेरी होतील आणि काही ओळखू येणार नाही. तसेच ही ओळख एकाच पिढीची. त्या पिल्लांपासून पुढे पैदास केली की ठिपक्याचा भरवसा संपला. आपल्या खुराड्यातली पट्टेरी कोंबडी अनेक जातींच्या मिसळीची असेल तर ठिपका पुसटही पडतो. तपकिरी अंडी देणाऱ्या कंपन्यांच्या संकरित जातींतही हेच तत्त्व आहे. तिथे बाप सोनेरी आणि आई रुपेरी असते, म्हणून माद्या तांबूस आणि नर पिवळट-पांढरे निघतात.

कडकनाथकडे परत येतो, कारण तिथे पैसा जास्त अडकतो. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि मागणी वाढली. लोक काळे पीस पाहतात. खरे तर कडकनाथमध्ये सोनेरी आणि रेघारेघांच्या पिसांचे पक्षीही असतात. त्याची खूण कातडी, मांस आणि हाडांवरच्या पडद्यात उतरलेला काळेपणा ही आहे, आणि तो पिसांच्या रंगापेक्षा निराळ्या जनुकाचा परिणाम आहे. म्हणून पिसे बाजूला सारून कातडी पाहावी, चोच उघडून जीभ पाहावी, तळपाय पाहावा. माझ्या पिल्लांचे पाय वरून काळे होते, तळवे फिकट होते. मी पाय उलटून पाहिलेच नाहीत.

संकर करायचा तर इथेही बाजू महत्त्वाची. कातडीतला काळेपणा रोखणारे एक जनुक त्याच लिंगाच्या गुणसूत्रावर आहे, आणि पिवळ्या-पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांत ते असते. कडकनाथ कोंबडा आणि अशी कोंबडी घेतली तर मुली गडद आणि मुलगे बरेच फिकट होतात. कडकनाथ कोंबडीला आपला पिवळ्या पायाचा जातिवंत कोंबडा दिला तर सगळीच पिल्ले फिकट. पैसे एकाच पक्ष्यापुरते असतील तर ते कोंबड्यावर घालावेत.

शेवटचा धोका वनराजा, गिरिराजा यांसारख्या जातींचा. जाती उत्तम आहेत. हैदराबादच्या आणि बंगळूरच्या संस्थांनी त्या परसातल्या पाळणुकीसाठी तयार केल्या आणि लोकांना गावरान वाटावी म्हणून पिसे मुद्दाम रंगीत ठेवली. पण लोक त्यांची अंडी घरच्या खुडूक कोंबडीखाली बसवतात. निघालेली पिल्ले तशीच रंगीत दिसतात, वजन आणि अंडी मात्र घटतात, कारण संकराचा जोर पहिल्याच पिढीत असतो. अशी पिल्ले वनराजा म्हणून पहिल्या भावाने विकली जातात. घेताना पिल्ले कोणत्या उबवणी केंद्रातून आली ते विचारावे, पावती मागावी आणि पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे.